छोट्या ट्रॅक्टरवर जादा दिवे : आधी फ्यूज, मग उजेड



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. परंतु या अंकात मी वायर, फ्यूज आणि दिवे यांविषयी लिहिणार आहे. त्याला तसेच कारण घडले आहे. ते आधी सांगतो.

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. आपल्या एका सभासदांनी चोवीस एच.पी.चा छोटा ट्रॅक्टर घेतला होता. दिवसा गावात भाड्याने बांधणीची कामे करायची आणि स्वतःच्या रानातले काम रात्री उरकायचे, असा त्यांचा क्रम. रात्री नीट दिसावे म्हणून त्यांनी पुढे दोन आणि मागे दोन असे ५५ वॅटचे चार हॅलोजन दिवे बसवून घेतले. एका संध्याकाळी मी त्यांच्या बांधावरून चाललो होतो. रान दिवसासारखे लख्ख दिसत होते. मी मोटारसायकल थांबवली आणि म्हणालो, "शाबास दादा! लग्नाच्या मांडवासारखा उजेड केलाय की!" मात्र वायर कुठून कशी नेली आहे, हे काही मी वाकून पाहिले नाही.

त्यानंतर आठवडाभरातच, रात्री दहाच्या सुमारास, खोडव्यातल्या पाचटाची कुट्टी चालू असताना डॅशबोर्डखालून धूर येऊ लागला. त्यांनी इंजिन बंद केले, चावी काढून घेतली. तरी धूर थांबेना, कारण दिव्यांची वायर चावीवरून न घेता थेट बॅटरीवरून आणलेली होती. बॅटरीचे टोक सोडवायला पाना जवळ नव्हता. पायाखाली वाळलेले पाचट आणि बांधापलीकडे भावकीचा तोडणीला आलेला ऊस! शेवटी त्यांनी जळती वायर हातानेच ओढून तोडली. खाली पेटलेले पाचट त्यांच्या पत्नीने पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतून आणि माती टाकून विझवले. ऊस वाचला, ट्रॅक्टरही वाचला. पण उजव्या हाताचा तळवा भाजला तो महिनाभर बरा झाला नाही, आणि ऐन कामाच्या दिवसांत ट्रॅक्टर दारात उभा राहिला.

मी भेटायला गेलो तेव्हा ते हसत म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर शाबास म्हणाला होता." ते हसले खरे, पण मला ते वाक्य अजून बोचते. म्हणून आपल्या वाहन विभागातल्या इलेक्ट्रिशियनजवळ बसून मी हा विषय समजून घेतला. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

चूक कोठे झाली?

ट्रॅक्टर उघडून पाहिला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, बॅटरीपासून निघालेली वायर पत्र्याच्या भोकातून नेली होती आणि त्या भोकाला रबर नव्हते. छोटा ट्रॅक्टर सतत थरथरत असतो. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरीचे आवरण कापले गेले आणि आतले तांबे पत्र्याला टेकले. दुसरी, त्या वायरीला फ्यूजच नव्हता. स्टार्टर फिरवताना बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर देते. तेवढाच जोर त्या बारीक वायरीवर आला तर ती निखाऱ्यासारखी लाल होणारच.

फ्यूज दिवा वाचवण्यासाठी असतो असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी. म्हणून तो दिव्याजवळ नव्हे, बॅटरीजवळ लागतो, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. बॅटरी आणि फ्यूज यांमधला वायरीचा तुकडा उघडा पडला तर त्याला कोणीही वाचवू शकत नाही. तो तुकडा जितका आखूड तितके बरे.

आता कोणी म्हणेल, मग जादा दिवे लावूच नयेत काय? तसे मुळीच नाही. वाफसा दोन दिवसांचा असतो, मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि गावात एक छोटा ट्रॅक्टर दहा जणांना पुरवायचा असतो. बांधणी लांबली तर फुटव्यांचे नियंत्रण राहत नाही आणि पुढे ऊस लोळतो, हे मी आपणांस नव्याने सांगायला नको. रात्रीचे काम टळत नाही. तेव्हा ते नीट दिसेल अशा उजेडात झाले पाहिजे. फक्त दिवे लावण्याआधी थोडा हिशेब करावा.

आधी हिशेब

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. आपला ट्रॅक्टर १२ व्होल्टचा. ५५ वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २२० वॅट. त्याला १२ ने भागा. अठराच्या वर अँपिअर झाले. ट्रॅक्टरच्या मूळ हेडलाईटचे दोन बल्ब प्रत्येकी ३५ वॅटचे आणि मागचे दिवे, डॅशबोर्ड यांचे मिळून २० वॅट धरले तर ते ९० वॅट, म्हणजे साडेसात अँपिअर. एकूण बेरीज जवळजवळ २६ अँपिअर.

आता आपला डायनॅमो किंवा अल्टरनेटर किती देतो ते पाहा. हा आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किंवा अल्टरनेटरच्या पट्टीवर असतो. मोठ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर दांडगा असतो, पण काही छोट्या ट्रॅक्टरांवर तो १५-२० अँपिअरच्या आसपासच असतो, आणि तोही इंजिन पुरत्या फेऱ्यांवर असताना. मिळकत २० आणि खर्च २६! वरचे सहा अँपिअर दर तासाला बॅटरीतून जाणार. चार-पाच तास काम केले की सकाळी ट्रॅक्टर धक्क्यावर. मग आपण बॅटरीला दोष देतो.

यावर उपाय एलईडी दिव्यांचा आहे. १८ वॅटचा चांगला एलईडी दिवा साधारण ५५ वॅटच्या हॅलोजनएवढा उजेड देतो. असे चार दिवे म्हणजे ७२ वॅट, फक्त सहा अँपिअर. मूळ साडेसात धरून साडेतेरा. छोटा डायनॅमोही हे ओझे पेलतो.

पण बाजारात खोक्यावर छापलेल्या वॅटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी स्वतः आणलेल्या एका दिव्यावर ४८ वॅट छापले होते. मीटर लावला तर तो दीड अँपिअरच्या थोडा वर ओढत होता, म्हणजे जेमतेम १९-२० वॅट. दिवा वाईट नव्हता, छपाई वाईट होती. दुकानातच बॅटरीवर लावून मीटरने मोजून घ्यावा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे.

काय सामान आणावे

चार दिव्यांसाठी पुढील सामान लागते.

१) १८ वॅटचे चार एलईडी दिवे. चौकटीवर आय.पी. ६७ लिहिलेले असावे. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि दिवा काही वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. तरीही ट्रॅक्टर धुताना प्रेशरचा फवारा त्यावर जवळून मारू नये.

२) बारीक तारांची, तांब्याची, गाडीसाठी मिळणारी वायर. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि तिथून खटक्यांपर्यंत अडीच एम.एम., खटक्यापासून दिव्यांपर्यंत दीड एम.एम. घरातल्या लाईट फिटिंगची एकाच जाड तारेची वायर मुळीच वापरू नये. ती थरथरीने आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळत नाही.

३) झाकणाचा फ्यूजधारक आणि १० अँपिअरचा फ्यूज, सोबत दोन जादा फ्यूज.

४) चार टोकांचा १२ व्होल्टचा रिले, ३० अँपिअरचा.

५) दोन खटके, पाण्यापासून झाकलेले. एक पुढच्या दिव्यांना, एक मागच्या दिव्यांना.

६) बॅटरीचा कट-ऑफ खटका. थोडक्या पैशांत मिळतो. त्या रात्री हा असता तर एका हिसक्यात सगळे थांबले असते आणि हात भाजला नसता.

७) वायरीवर घालायची नागमोडी नळी, भोकांची रबरे, दाबून बसवायची टोके, पट्ट्या.

वायर जाड का, असे पुष्कळजण विचारतात. वायर म्हणजे पाण्याची पाईप. अरुंद पाईपातून पाणी कमी येते तसे बारीक वायरीतून व्होल्ट कमी येतात. एक एम.एम.ची चार मीटर वायर १८ अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट स्वतःच खाते आणि तापते. तेवढ्याच लांबीची अडीचची वायर साधारण अर्धा व्होल्ट खाते.

दिवे कुठे बसवावेत

पुढचे दोन दिवे बॉनेटच्या बाजूंना, शक्यतो खालच्या अंगाला बसवावेत. चालकाच्या डोळ्यांजवळ किंवा डोक्यावर बसवलेल्या दिव्याचा उजेड धुळीवरून आणि धुक्यावरून परत डोळ्यांत येतो, तसाच तो बॉनेटवर चमकतो. मागचे दोन दिवे मडगार्डवर, अवजाराकडे खाली तोंड करून. आपल्याला रिजरची माती आणि रोटाव्हेटरची पाती दिसायला हवीत, आभाळ नव्हे. पुढे आणि मागे दोन्हीकडे पसरट उजेडाचेच दिवे घ्यावेत. लांब झोताचा दिवा सरीत उपयोगाचा नाही.

आपले ट्रॅक्टर चार-साडेचार फुटी सरीत चालतात, हे ध्यानात ठेवावे. दिवा चाकाच्या बाहेर आला की उसाची पाने त्यात अडकतात, दिवा वाकतो आणि वायर ओढली जाते. सगळे दिवे टायरच्या आतल्या रेषेत राहिले पाहिजेत.

ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तिला भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. तिची ताकद जाते. दिवा तिथेच लावायचा असेल तर क्लॅम्पने आवळून लावावा. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर काम करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारून घ्यावे.

जोडणीचा क्रम

सर्वांत आधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे, मग धन. जोडताना उलट, आधी धन आणि शेवटी ऋण. याला कारण आहे. ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. ते आधी सुटले की धन टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

आता रिले. याच्या बुडाला आकडे असतात: ३०, ८७, ८५ आणि ८६. बॅटरीच्या धन टोकावरून निघून फ्यूजमधून आलेली अडीचची वायर ३० ला जोडावी. ८७ वरून वायर दोन्ही खटक्यांना द्यावी आणि एकेका खटक्यावरून दोन-दोन दिव्यांना. ८६ ला चावी चालू केल्यावरच वीज येते अशी, ट्रॅक्टरच्या मूळ फ्यूजमधून आलेली वायर जोडावी. ८५ बॉडीला. एवढे केले की चावी काढताच चारही दिवे मरतात. मधोमध ८७ अ असे पाचवे टोक असलेला रिले मिळाला तर ते टोक मोकळे सोडावे. चावी बंद असताना त्यावर वीज असते, म्हणून त्याला टेप गुंडाळावा.

जादा दिव्यांची जोड मूळ हेडलाईटच्या वायरीतून काढू नये. ती वायर आणि तो खटका दोनच बल्बसाठी बनवलेले असतात.

परतीची वायरही तितकीच महत्त्वाची. बॉडीचा जोड देताना रंग खरवडून लखलखीत लोखंड काढावे, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. आपल्याकडे दिवा मंद जळतो किंवा फडफडतो, त्याचे कारण पुष्कळदा हा गंजलेला जोड असतो, दिवा नव्हे.

वायर नेताना सायलेन्सर, पंख्याचा पट्टा, स्टिअरिंग, मागचे लिफ्टचे हात आणि पी.टी.ओ. शाफ्ट यांपासून दूर ठेवावी. दर वीतभरावर पट्टी बांधावी. पत्र्यातून जाईल तिथे रबर आलेच पाहिजे, एकही भोक त्याशिवाय नको. जोड पिळून टेप मारलेला नसावा, टोक दाबून बसवलेले असावे. फ्यूज गेला तर त्याजागी तार किंवा सिगारेटचा चंदेरी कागद घालू नये. फ्यूज जातो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, ते ऐकावे.

काम झाल्यावर तपासणी

चावी बंद करून चारही दिवे विझतात का पाहावे. मग इंजिन चालू करून सगळे दिवे लावावेत आणि बॅटरीवर मीटर धरावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्यानंतर दिव्याच्या टोकांवर मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. वीस मिनिटांनी फ्यूजधारक, रिले आणि खटके यांना हात लावून पाहावा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर दिवे बंद करून दोष शोधावा. पुढे दर महिन्याला आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर एकदा वायरीवर नजर फिरवावी. उंदीर वायर कुरतडतात, हेही विसरू नये.

पाचटात काम करणाऱ्यांनी ट्रॅक्टरवर एक छोटे, भुकटीचे अग्निशामक नळकांडे आणि बॅटरीचा पाना ठेवावा. सायलेन्सरजवळ साठलेले पाचट रोज झाडावे.

रस्त्यावर आल्यावर

शेतातला दिवा शेतातच ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वाहनाच्या मागच्या बाजूला, रिव्हर्सच्या व नंबर पाटीच्या दिव्यासारखे अपवाद सोडून, तांबड्याखेरीज दुसरा दिवा दाखवता येत नाही. पुढे झोताचे दिवे वापरायलाही नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. नियम बाजूला ठेवला तरी विचार करा. मागचा पांढरा दिवा चालू ठेवून आपण वाड्याची किंवा बेण्याची ट्रॉली घेऊन निघालो, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. त्याला ट्रॉली किती रुंद आहे आणि कुठे संपते ते दिसत नाही. तो आपल्याच गावातला कोणाचा तरी मुलगा असतो.

म्हणूनच पुढचा आणि मागचा खटका वेगळा सांगितला आहे. शेताच्या फाटकातून बाहेर पडताना दोन्ही बंद. ट्रॉलीला मात्र तांबडे दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात, आणि भरलेल्या मालाखाली त्या झाकल्या जाऊ नयेत.

आणखी एक. उजेड वाढला म्हणजे झोप कमी होते असे नाही. दिवसभर भाड्याचे काम करून रात्री दोनपर्यंत स्टिअरिंग धरू नये. पी.टी.ओ. चालू असताना दिवा आहे म्हणून खाली उतरून अवजारात हात घालू नये. रानात एकटे जाऊ नये, कोणीतरी सोबत असावे. त्या रात्री त्या माउली बांधावर नसत्या, तर आज मी हा लेख वेगळ्या प्रकारे लिहिला असता.

असो. त्या सभासदांचा ट्रॅक्टर पुन्हा कामाला लागला आहे. चार एलईडी दिवे, बॅटरीजवळ फ्यूज आणि सीटखाली कट-ऑफ खटका. आता कोणी त्यांच्या उजेडाला शाबास म्हटले की ते आधी बॉनेट उघडून फ्यूज दाखवतात. मीसुद्धा आता दिवे पाहून थांबलो की आधी वाकून वायर पाहतो.

आपल्याकडे असे दिवे बसवलेले असतील तर पुढचा गाळप हंगाम येण्यापूर्वी एकदा बॅटरीपासून वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. फ्यूज सापडला नाही, तर तो बसेपर्यंत दिवे लावू नका. शंका असल्यास आपल्या गटाच्या चिटबॉयजवळ निरोप द्या किंवा गट कार्यालयात या. आपण बसून पाहू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग